सतराव्या प्रश्नाचं पाणी

वकिलातीत त्यांना सगळे त्रासबाई म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं 'बाई'. पण ड्रायव्हर, पहारेकरी आणि माळी आपापसांत बोलायला लागले की त्रासबाई. त्यांनी कुणाला त्रास दिला होता म्हणून नव्हे. तेवीस वर्षांत बाईंचा आवाज कधी टाइपरायटरच्या वर गेला नव्हता, आणि टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आल्यावर तर बाई जागेवर आहेत की नाहीत हे खोलीत डोकावल्याशिवाय कळत नसे. नाव पडलं ते कामावरून. ही वकिलात परक्या देशाची, गाव बाईंचं. त्या परक्या साहेबलोकांना बाईंच्या गावात राहण्याचा किती त्रास होतो, हे दर तीन वर्षांनी सविस्तर लिहून काढणं हे बाईंचं काम.

हे जरा नीट सांगायला हवं, कारण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही चेष्टा वाटते. सरकार आपला माणूस परदेशी पाठवतं तेव्हा त्याला पगार तर देतंच. तिकडे वस्तू महाग म्हणून परदेश भत्ता देतं. घरभाडं, मुलांची शाळा, सामानाची ने-आण आणि पाहुण्यांना चहा पाजायचा खर्च हे आणखी वेगळं. एवढं सगळं पदरात टाकूनही सरकारचं आईचं काळीज शांत होत नाही. बिचारा घरापासून लांब, उकाड्यात, डासांत, त्याचे केवढे हाल होत असतील! म्हणून मग कष्टभत्ता. कुठल्या गावात किती कष्ट हे ठरवायला चौऱ्याऐंशी प्रश्नांची एक प्रश्नावली असते. हवा कशी, पाणी कसं, वीज जाते का, दवाखाना जवळ आहे का, करमणूक काय, शेजारी कसे. प्रत्येक उत्तराला गुण. सत्तरच्या वर गुण पडले की ते गाव 'अतिखडतर', आणि तिथल्या साहेबांना मूळ पगाराच्या एक तृतीयांश भत्ता, शिवाय वर्षातून एकदा बायकामुलांसह सरकारी खर्चानं कुठेतरी समुद्रकिनारी जाऊन यायची मुभा. तिला आराम-प्रवास म्हणत. आता हे गुण भरायचे कुणी, तर त्याच साहेबांनी. म्हणजे आजाऱ्यानंच आपला ताप मोजायचा आणि पारा जितका वर तितकं बक्षीस. असा आजारी बरा झालेला अजून तरी कुणी पाहिलेला नाही.

पण साहेबांची एक अडचण होती. त्यांना गावच ठाऊक नसे. बंगल्यातून गाडीत, गाडीतून कचेरीत, कचेरीतून दुसऱ्या साहेबाच्या बंगल्यात. एवढ्या फेरीत गावाचे हाल दिसणार कुठून? हाल दिसायला माणूस त्या गावात जन्मावा लागतो. म्हणून ते काम त्रासबाईंकडे आलं आणि त्यांच्याकडेच राहिलं.

गाव खरं म्हणजे छान होतं. नदीकाठी रुंद रस्ता, दुतर्फा जुनी झाडं, संध्याकाळी लोक बाकांवर बसून गप्पा मारत. नवा साहेब आला की पहिले पंधरा दिवस तोंड वाकडं करी, सहा महिन्यांनी मुदतवाढीसाठी अर्ज करी आणि तीन वर्षांनी जाताना रडे. एका राजदूतांच्या बायकोनं तर निघायच्या सकाळी बागेतल्या बाकाला मिठी मारून हुंदके दिले होते. त्यांना गाडीत बसवायला दोन माणसं लागली. या गावी बदली मिळावी म्हणून मुख्यालयात वशिले लागतात, हे ड्रायव्हरांनाही माहीत होतं. आणि का लागू नयेत? राहायला नंदनवन आणि भत्ता काळ्या पाण्याचा, असं गाव जगाच्या नकाशावर किती सापडणार!

ही करामत बाईंच्या लेखणीची. बाईंचा एक नियम होता, खोटं लिहायचं नाही. खरं कुठल्या अंगानं लिहायचं, एवढंच त्या पाहत. गावात एक चांगलं नाट्यगृह होतं. बाई लिहीत, 'नाटकं होतात, परंतु ती येथील भाषेत असल्याने अधिकाऱ्यांच्या उपयोगाची नाहीत.' शेजारीपाजारी जीव लावणारे, दारात वाटीभर काहीतरी घेऊन उभे राहणारे. बाई लिहीत, 'खासगीपणाचा अभाव.' सकाळी नदीवरचं धुकं पाहायला लोक मुद्दाम उठत. त्याला बाई 'वर्षातील साठ दिवस दृश्यमानता कमी' म्हणत. झाडं होती म्हणून परागकण होते, परागकण होते म्हणून शिंका होत्या, शिंका होत्या म्हणून दोन गुण होते. मुख्यालयानं एकदा कळवलं होतं की या ठाण्याचा (मुख्यालयाच्या भाषेत प्रत्येक वकिलात म्हणजे ठाणं) अहवाल इतर ठाण्यांनी नमुना म्हणून पाहावा. बाईंना त्या दिवशी थोडा अभिमानही वाटला होता. माणसाला कशाचा अभिमान वाटेल ते सांगता येत नाही.

आणि या सगळ्यात बाईंच्या वाट्याला काय? त्याचाही नियम होता आणि तोही बाईंनीच टाइप केला होता. 'स्थानिक कर्मचाऱ्यांना येथील परिस्थितीची जन्मापासून सवय असल्याने त्यांना कष्टभत्ता लागू नाही.' म्हणजे हवा तीच, पाणी तेच, पण कागदोपत्री इथले डास पासपोर्ट बघून चावत. बाईंचा करार वर्षावर्षानं वाढे. दर वर्षी त्याच महिन्यात बाई खर्चाची वही काढून बसत, दर वर्षी सही होई. या नोकरीवर मुलीचं शिक्षण झालं, लग्न झालं, घरावर पत्र्याच्या जागी स्लॅब पडला. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असं बाई मनाशी म्हणत आणि टाळी वाजवत. पेन्शन लागू व्हायला आता दोन वर्षं उरली होती.

एका प्रश्नाशी मात्र बाईंचा हात दर वेळी अडखळायचा. प्रश्न सतरावा. 'नळाचे पाणी पिण्यास योग्य आहे काय?'

कारण ते पाणी बाईंच्या नवऱ्याचं होतं. ते गावच्या फिल्टर प्लांटवर केमिस्ट होते. आळीतली पोरं त्यांना क्लोरीनकाका म्हणत, कारण त्यांच्या शर्टाला कायम तो वास असे आणि चोळचोळून धुतला तरी जात नसे. मोठी माणसंही तेच म्हणू लागली, आणि पुढेपुढे ते स्वतःही फोनवर तसंच नाव सांगू लागले. बाई नोकरीला लागल्या तेव्हा गावचं पाणी खरोखर वाईट होतं. लोखंडाच्या गंजानं तांबडं येई. पांढरे कपडे धुतले की बदामी होत. तेव्हा बाईंनी 'अयोग्य' लिहिलं ते शंभर टक्के खरं होतं, आणि त्या नकाराला तब्बल बारा गुण होते. मग क्लोरीनकाकांनी चौदा वर्षं नगरपालिकेचे उंबरे झिजवले. प्रत्येक नगराध्यक्षाला बाटलीतलं तांबडं पाणी नेऊन दाखवलं. एकानं तर 'चहा आणलात का' असं विचारलं होतं. शेवटी नऊ वर्षांपूर्वी नवा प्लांट उभा राहिला आणि नळाला काचेसारखं पाणी आलं. तेव्हापासून क्लोरीनकाका कामावरून घरी आले की हातपाय धुवायच्या आधी नळाखाली पेला धरत, खिडकीपाशी नेऊन उजेडात बघत आणि मग एका दमात पीत.  ते बघितलं की बाईंना नवऱ्याचं कौतुक वाटे, आणि पाठोपाठ सतरावा प्रश्न आठवे.

नवा प्लांट झाला त्या वर्षी बाईंनी वकिलातीच्या तेव्हाच्या उपप्रमुखांना सांगून पाहिलं होतं की साहेब, पाणी आता चांगलं झालंय. साहेबांनी असं तोंड केलं जसं काही बाईंनी घरात कुणी गेल्याची बातमी आणली. बारा गुण गेले की बेरीज सत्तरच्या खाली येत होती. दोन दिवस बैठका झाल्या. राजदूतांनी जातीनं लक्ष घातलं. तेवढं लक्ष त्यांनी दोन देशांच्या व्यापार करारातही घातलं नव्हतं. तोडगा निघाला तो मागच्या अंगणात. तिथे बागेला पाणी घालायची एक जुनी टाकी होती. प्रश्नावलीसाठी तपासायचा पाण्याचा नमुना यापुढे त्या टाकीतून घ्यायचा आणि ती टाकी कुणी धुवायची नाही, असं ठरलं. टाकीवर पाटी लागली, 'सफाई करू नये.' माळी तिला भत्त्याची टाकी म्हणे. तिच्यात बेडूक होते, शेवाळ होतं, एकदा कुणाचा तरी बूट निघाला. प्रयोगशाळेचा अहवाल वाचून मुख्यालयानं सहानुभूतीचं पत्र पाठवलं होतं.

घरी बाई यातलं अक्षर बोलल्या नव्हत्या. नवऱ्यानं विचारलं की काय चाललंय ऑफिसात, तर 'टायपिंग' म्हणत. ते खोटं नव्हतं.

यंदा मात्र मुख्यालयानं घोळ घातला. कुणा नव्या अधिकाऱ्याला काटकसरीची हुक्की आली असावी. पत्र आलं की ठाण्यांनी स्वतः घेतलेले नमुने यापुढे चालणार नाहीत. स्थानिक पाणीपुरवठा अधिकाऱ्याच्या सहीचं पत्र जोडावं. वकिलातीत सुतकच पडलं. उपप्रमुखांनी बाईंना बोलावलं, बसा म्हणाले. तेवीस वर्षांत त्या खोलीत बाई पहिल्यांदा बसत होत्या, तेव्हाच त्यांना कळलं की काही खरं नाही.

"बाई, तुमचे मिस्टर तिथंच असतात ना?" साहेब म्हणाले. "सही त्यांचीच चालते, असं ऐकलं."

बाई हो म्हणाल्या.

"मग काय, घरचंच काम. दोन ओळी. पाणी पिण्यासारखं नाही, उकळून घ्यावं. बस." मग त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं. "तुमच्या कराराचा महिनाही हाच ना?"

एवढं बोलून साहेब दुसऱ्या कागदाकडे वळले. धमकी वगैरे काही नव्हती. शिकलेली माणसं धमकी देत नाहीत, महिना विचारतात.

बाई घरी आल्या तेव्हा क्लोरीनकाका खिडकीपाशी पेला धरून उभे होते. बाईंनी ते पाणी पिऊन होईपर्यंत वाट पाहिली आणि मग सगळं सांगून टाकलं. टाकी, बेडूक, बारा गुण, सगळं. एकदा बांध फुटल्यावर त्यांना थांबता येईना. क्लोरीनकाकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, काय लिहिलंस ते दाखव. बाईंच्या पिशवीत मागच्या खेपेची प्रत होतीच. त्यांनी चष्मा लावला, सतराव्या प्रश्नावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं.

"'पाणी पिण्यास अयोग्य. स्थानिक यंत्रणा उदासीन.'" मग चष्म्यावरून बायकोकडे बघितलं. "यंत्रणा म्हणजे मी ना?"

 दुसरं कोण असणार? प्लांटवर केमिस्ट एकच होता, आणि त्यानं पुराच्या वर्षी अकरा दिवस घरी न येता तिथल्याच बाकावर झोपून तुरटीच्या गोणी वाहिल्या होत्या. तेव्हा डबा बाईच घेऊन जात. उदासीन हा शब्द त्यांना तेव्हा फक्त वाक्याला वजन यावं म्हणून सुचला होता.

क्लोरीनकाका रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. दोन दिवस ते कामावरून येऊन सरळ हातपाय धुऊन बसत होते, आणि पेला फडताळातच राहत होता. बाईंना ते दोन दिवस खायला उठले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्लांटच्या शिक्क्याचा एक कागद बायकोपुढे ठेवला. त्यात सगळ्या चाचण्यांचे आकडे होते आणि खाली नेहमीच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं की पाणी बारा महिने पिण्यास योग्य आहे. त्याखाली आणखी एक ओळ होती. 'उन्हाळ्यात तलावात शेवाळ वाढल्याने सुमारे चार दिवस पाण्यास किंचित वास येतो. अपाय नाही. उपाय म्हणून कोळशाचा थर बसवण्याची मागणी सहा वर्षांपासून केली आहे.'

बाईंचा तेवीस वर्षांचा सराव जागा झाला. या ओळीवर कुणाची बोटं कशी वळतील ते त्यांना लख्ख दिसलं.

"अहो, ही शेवटची ओळ कशाला?" त्या म्हणाल्या. "चार दिवसांचं कोण विचारतंय?"

"येतो ना वास?"

"येतो. पण लिहायलाच हवं असं नाही."

"अगं, मी पाण्याचा माणूस आहे," क्लोरीनकाका म्हणाले. "वास येतो तर येतो लिहायचं, येत नाही तर येत नाही. त्यात दुसरं काय असतं?"

त्यात दुसरं काय काय असतं हे बाईंइतकं गावात कुणालाच माहीत नव्हतं. पण त्यांनी तो कागद आहे तसा पिशवीत ठेवला. त्यांना त्या माणसाचा हेवा वाटला, आणि स्वतःची लाजही वाटली. नवऱ्याचं पाणी एकदा तरी त्या परक्या कागदावर चांगलं म्हणून गेलं पाहिजे, नोकरी राहो की जावो, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

आणि एकदा ठरवल्यावर बाई सतराव्यावर थांबल्या नाहीत. कचेरीत जाऊन त्यांनी कोरी प्रश्नावली उघडली आणि पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली. हवा? उत्तम, उन्हाळ्यात सहा आठवडे उकडतं. शेजारी? जीव लावतात. नाट्यगृह? आहे, चांगलं आहे, आणि भाषा शिकायला सरकार शिकवणीचा खर्च देतं, पण गेल्या नऊ वर्षांत एकाही अधिकाऱ्यानं तो घेतलेला नाही. धुकं? सुंदर. परागकण? शिंका येतात, मग थांबतात. दवाखाना? डॉक्टर रात्री-अपरात्री घरी येतात. तीन दिवस बाई लिहीत होत्या, आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना आपल्या कामात गोडी वाटली. बेरीज झाली एकोणतीस. त्यांनी ती पुन्हा करून पाहिली, तेवढीच आली.

आता सहीचा प्रश्न. पण वकिलातीत एक रीत होती, आणि ती बाईंपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? बाईंनी आणलेला कागद साहेब वाचत नसत. वाचायचा काय, बाईंचं काम चोख! उपप्रमुख फोनवर बोलत होते, आराम-प्रवासाला यंदा कुठला किनारा बरा याची चौकशी चालली होती. बाईंनी पानं पुढे केली. साहेबांनी फोन खांद्याशी धरून चौदा पानांवर चौदा सह्या केल्या आणि मिस्टरांचं पत्र जोडलंय ना, एवढंच खुणेनं विचारलं. बाई हो म्हणाल्या. लिफाफ्याला लाख लागली आणि तो त्याच दिवशी मुख्यालयाला गेला.

पुढचे पाच आठवडे बाईंनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. फोन वाजला की दचकत. टेबलाचा खण हळूहळू रिकामा करून ठेवला. स्वतःचा कप, छत्री, देवाचा छोटा फोटो घरी नेला. घरी मात्र निराळंच वारं होतं. क्लोरीनकाकांचा पेला फडताळातून बाहेर आला होता. आपल्या पाण्याचा दाखला परदेशच्या सरकारकडे गेलाय, हे त्यांनी प्लांटवर सगळ्यांना सांगितलं होतं. पंपावरच्या माणसांनी त्यांना हार घालायचा बेत केला, तो त्यांनी कसाबसा थांबवला. उत्तर तर येऊ द्या, ते म्हणाले. बाई ऐकत होत्या आणि त्यांचं मन भरून येत होतं. नोकरी जाणारच होती. निदान कारणी तरी लागत होती.

उत्तर आलं. उपप्रमुखांनी बाईंना बोलावलं आणि पुन्हा बसा म्हणाले. बाई उभ्याच राहिल्या. साहेबांनी पत्र पुढे सरकवलं आणि हसले. एवढे मोकळे हसताना बाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पत्र छोटं होतं. ठाण्याची प्रश्नावली मिळाली. स्थानिक पाणीपुरवठा अधिकाऱ्याने पाण्याला वास येत असल्याची कबुली स्वतःच्या सहीने दिली आहे, तसेच सहा वर्षे मागणी करूनही उपाय झालेला नसल्याचे मान्य केले आहे. पाण्याच्या दोषाबाबत अशी लेखी कबुली असल्यास नियमानुसार इतर गुणांची बेरीज करण्याचे कारण उरत नाही. सबब ठाण्याचा 'अतिखडतर' वर्ग पुढील सहा वर्षांसाठी कायम करण्यात येत आहे. याआधी तीन-तीन वर्षांचीच मुदत मिळायची. अशी निर्विवाद कबुली मिळवल्याबद्दल उपप्रमुखांचं खास अभिनंदन होतं.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या त्र्याऐंशी उत्तरांचा त्यात उल्लेखच नव्हता. बारा महिने पिण्यास योग्य, या ओळीचाही नव्हता. मुख्यालयातल्या माणसानं तो गठ्ठा उघडून, काय वाईट आहे ते तेवढं बोटानं शोधून, तेवढंच वाचून मिटला होता. बाईंचं तीन दिवसांचं खरं त्याच्या बोटाखालून सुळकन निघून गेलं. मग एक विचार आला आणि बाई समोरच्या खुर्चीत बसल्या. तेवीस वर्षं त्यांनी शिंका मोजल्या, धुक्याला दोष दिला, नवऱ्याला उदासीन म्हटलं, तेही असंच चाळलं जात होतं. एवढं बेमालूम लिहायची गरजच नव्हती.

साहेब बोलतच होते. कराराची काळजी करू नका, दोन वर्षांचा एकदम केलाय. तुमच्या मिस्टरांच्या पत्राची प्रत मी आज मागवून वाचली, कमाल केली त्यांनी. आम्ही दोन ओळी म्हटलं होतं, त्यांनी किती खुबीनं लिहिलं बघा. आधी चांगलं म्हटलं आणि मग शेवटी बरोब्बर घाव घातला. असं लिहायला डोकं लागतं. राजदूत म्हणत होते की त्यांचे आभार मानायलाच हवेत.

आणि ते मानलेही. संध्याकाळी वकिलातीची काळी गाडी बाईंच्या आळीत शिरली. पोरं गोळा झाली. ड्रायव्हरनं एक जड खोकं उचलून ओट्यावर आणून ठेवलं, राजदूतांचं छापील कार्ड वर ठेवलं आणि बाईंच्या नजरेला नजर न देता निघून गेला. कार्डावर होतं, 'आपल्या मोलाच्या सहकार्याबद्दल कृतज्ञतापूर्वक.' क्लोरीनकाकांनी खोकं उघडलं. आत पाण्याच्या बाटल्या होत्या. साहेबांच्या देशातून विमानानं येणाऱ्या, काचेच्या, चोवीस.

बाईंनी तेव्हाच पत्राचं सगळं सांगितलं. लपवायला आता काही उरलं नव्हतं. क्लोरीनकाका ओट्यावर बसून ऐकत होते, हातात एक बाटली घेऊन तिच्यावरची चिठ्ठी वाचत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी इतकंच विचारलं, की त्या आराम-प्रवासाला एका कुटुंबाचा साधारण किती खर्च येतो? बाईंनी आकडा सांगितला. दर वर्षी ती बिलं त्याच टाइप करत. क्लोरीनकाकांनी मान हलवली.

"दोन कुटुंबांच्या प्रवासात कोळशाचा थर बसला असता," ते म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खोक्यातली एक बाटली डब्याच्या पिशवीत घालून प्लांटवर घेऊन गेले. बाईंना वाटलं, फेकून देतील. किंवा पंपावरच्या माणसांना दाखवून हसतील. हसावं असं बाईंना मनापासून वाटत होतं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बाईंनीही दोन घातल्या असत्या.

संध्याकाळी क्लोरीनकाका आले. पिशवीतून त्यांनी शिक्क्याचा एक कागद काढला. गढूळपणा, क्षार, लोह, जंतू, सगळ्या रकान्यांत आकडे भरले होते. खाली तेच ठसठशीत अक्षर होतं. 'नमुना तपासला. पाणी पिण्यास योग्य.' सही, तारीख.

"हे उद्या तुझ्या साहेबांना दे," ते म्हणाले. "त्यांचं पाणी चांगलं आहे."

बाईंना समजेना. त्यांनी कागद हातात धरून विचारलं, की हे कशासाठी? कुणी मागितलंय?

"कुणी नाही," क्लोरीनकाका म्हणाले. त्यांनी फडताळातला पेला काढला, नळाखाली धरला आणि खिडकीपाशी गेले. "चांगल्याला चांगलं म्हणायला माणसाचं काय जातं?"

ते साहेबांसाठी म्हटलेलं होतं. पण खोलीत साहेब नव्हते, बाईच होत्या.